कोंबड्यांसाठी घरच्या घरी मीलवर्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मीलवर्म म्हणजे नक्की काय? हे गांडूळच ना?

नाही. गांडुळाशी याचा काही संबंध नाही. मीलवर्म ही एका काळ्या भुंगेऱ्याची अळी. शास्त्रीय नाव टेनेब्रिओ मॉलिटर. साठवलेलं पीठ, कोंडा, धान्याचा चुरा यांत राहणारा हा कीटक आहे. फुलपाखरासारखाच याचाही प्रवास चार टप्प्यांचा: अंडं, अळी, कोष आणि भुंगेरा. कोंबड्यांना मुख्यतः अळी खाऊ घालतात. पूर्ण वाढलेली अळी अडीच ते तीन सेंटीमीटर लांब, सोनेरी-पिवळसर आणि टणक कातडीची असते. तिचं वजन साधारण एक दशांश ग्रॅम किंवा थोडं जास्त भरतं.

मीलवर्म पाळले की कोंबडीखाद्याचा खर्च निम्मा होतो, हे खरं का?

हा प्रश्न सगळेच विचारतात, म्हणून आकडेमोड मांडतो.

अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. तिच्या तयार (लेयर) खाद्यात प्रथिनं साधारण १६ टक्के असतात, म्हणजे तिच्या पोटात रोज १७-१८ ग्रॅम प्रथिनं जातात. जिवंत अळीत ६० टक्क्यांच्या वर पाणी, १८ ते २० टक्के प्रथिनं आणि १२-१३ टक्के चरबी असते. कोंबडीला १५ अळ्या घातल्या तर तिला मिळणारी प्रथिनं पाव ते तीन दशांश ग्रॅम. सतरा ग्रॅमपुढे हे काहीच नाही. निम्मी प्रथिनं अळ्यांतून द्यायची तर प्रत्येक कोंबडीला रोज चारशेच्या आसपास अळ्या लागतील. पाच कोंबड्या असतील तर महिन्याला साठ हजार! तेवढ्यासाठी घर सोडून अळ्यांचा कारखानाच काढावा लागेल. शिवाय इतक्या चरबीने कोंबडी फोपशी होईल ते वेगळंच.

तेव्हा खाद्याच्या गोणीला पर्याय म्हणून हे करू नका. पूरक खाऊ म्हणून मात्र अळीला तोड नाही. पिसं झडण्याच्या काळात तिचा उपयोग होतो, बुजऱ्या कोंबड्या हाताळायला सोप्या जातात, आणि खुराड्यातल्या कोंबड्यांना दिवसभर उकरायला निमित्त मिळतं. भुशावर मूठभर अळ्या विखुरल्या की खालचा भुसा त्या आपणहून वरखाली करतात. तुमचं ते एक काम वाचतं.

मग कोंडा थेट कोंबड्यांनाच का घालू नये?

थोडा घालता येतो. पण कोंड्यात तंतू फार, कोंबडीला ते नीट पचत नाहीत. अळीला पचतात. साधारण दोन-सव्वादोन किलो कोरडं खाद्य खाऊन एक किलो जिवंत अळ्या तयार होतात. 

सुरुवातीला काय काय लागतं?

गुळगुळीत भिंतींचे तीन-चार उथळ प्लॅस्टिक टब, गव्हाचा कोंडा, एक बारीक आणि एक मध्यम चाळणी, आणि पाचशे ते हजार अळ्या. अळ्या पाळीव पक्षी, मासे किंवा सरडे यांचं खाद्य विकणाऱ्यांकडे मिळतात. घेताना त्यांना वाढ रोखणारं औषध दिलेलं नाही ना, हे विचारा. काही विक्रेते अळ्या मोठ्या दिसाव्यात आणि कोषात जाऊ नयेत म्हणून तसं करतात. अशा अळ्यांपासून पुढची पिढी निघत नाही, आणि तुम्ही मात्र महिनोन्महिने वाट बघत बसता.

टबला घट्ट झाकण नको. झाकणाचा मधला भाग कापून तिथे बारीक धातूची जाळी चिकटवा. कापडी जाळी काही दिवस टिकते, मग भुंगेरे ती कुरतडतात.

कोंडा किती घालायचा? थेट पोत्यातून ओतला तर?

पाच ते आठ सेंटीमीटरचा थर पुरे. जाड थरात तळाला ओल आणि उष्णता कोंडते.

पोत्यातून थेट ओतू नका. कोंड्यात बहुतेक वेळा पोरकिड्यांची, पतंगांची नाहीतर माइटची (धुळीएवढ्या बारीक, आठ पायांच्या जीवांची) अंडी आधीच असतात. कोंडा पिशवीत बांधून चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार कोंड्यावर हवेतलं पाणी धरतं. आणखी एक: धान्याला कीटकनाशक लावलेलं असेल तर त्याचा कोंडा घेऊ नका. अळ्या स्वतःच कीटक आहेत, त्या मरणारच. वाचल्या तरी त्यांच्यातून ते औषध कोंबडीत आणि कोंबडीतून अंड्यात उतरू शकतं.

ओट्स, भरड दळलेलं धान्य, कोंबड्यांचं औषधविरहित मॅश (भरडलेलं तयार खाद्य) हेही चालतं. नुसतं बारीक पीठ नको, ते दबून घट्ट होतं आणि अळ्यांना हालचाल करता येत नाही.

पाणी कसं द्यायचं?

वाटीत तर कधीच नाही. अळ्या बुडून मरतात आणि सांडलेलं पाणी कोंड्यात जातं. पाणी द्यायचं ते भाजीतून. गाजराचा जाड काप सगळ्यात उत्तम, त्याखालोखाल बटाटा. हिरव्या सालीचा किंवा कोंब आलेला बटाटा वगळा. काकडी, टरबुजाची साल अशा पाणचट गोष्टी मोह पाडतात, पण त्या चटकन सडतात.

या सगळ्या उद्योगात घोडं अडतं ते इथेच. भूक अळ्या बरीच सोसतात. ओलसर कोंडा त्यांना दोन दिवसांत संपवतो: आधी बुरशी, मग माइट, मग वास. म्हणून काप थेट कोंड्यावर न ठेवता छोट्या जाळीवर किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठेवा, आणि एका दिवसात संपेल इतकाच द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला काप उचलून टाका, मग तो कितीही चांगला दिसो. कापाखालचा कोंडा चिमटीत दाबून बघा. बोटं उघडल्यावर तो मोकळा सुटला तर ठीक. गोळी झाली तर तेवढा कोंडा काढून फेका आणि एक-दोन दिवस भाजी बंद ठेवा.

पाणी अजिबातच दिलं नाही तर? अळ्या जगतील, कारण हवेतला आणि कोंड्यातला थोडा ओलावा त्यांना पुरतो. पण वाढ अगदी रडतखडत होईल आणि त्या एकमेकींना खायला लागतील.

भुंगेरे टाकून तीन आठवडे झाले, अंडी कुठेच दिसत नाहीत. काही चुकलं का?

नाही. अंडं दीड-पावणेदोन मिलिमीटरचं, पांढरट आणि चिकट असतं. बाहेर पडताच त्याला कोंड्याचे कण चिकटतात आणि ते कोंड्याचाच कण होऊन जातं. खोलीच्या तापमानाला ते एक-दोन आठवड्यांत फुटतं. निघणारी अळी केसाएवढी बारीक आणि जवळजवळ पारदर्शक असते. तीही दिसत नाही.

टब उजेडात ठेवा, हात लावू नका आणि मिनिटभर कोंड्याच्या एकाच जागी नजर लावा. पृष्ठभागावरचे कण आपोआप सरकताना दिसतील. कण सरकायला लागले की खाली अळ्या आहेत. हे दिसेपर्यंत टब चाळू नका आणि उपडा करू नका. "काही झालंच नाही" म्हणून लोक टब रिकामा करतात, तेव्हा त्यात शेकडो अळ्या असतात.

अळी खाण्याजोगी व्हायला किती वेळ लागतो?

२५ ते २८ अंश सेल्सिअसला अंड्यातून निघाल्यापासून साधारण अडीच-तीन महिने. थंडीत याच्या दुप्पटही लागू शकतो. वाढताना अळी पुन्हा पुन्हा कात टाकते. नुकतीच कात टाकलेली अळी दुधासारखी पांढरी आणि मऊ असते, तिला आजारी समजून टाकू नका. कोंबड्या आधी तिच्यावरच झडप घालतात.

भुंगेरे, कोष आणि अळ्या वेगवेगळ्या डब्यांत का ठेवायच्या? एकाच टबात सगळं नाही चालत?

चालतं, पण उत्पन्न कमी मिळतं. भुंगेरे स्वतःचीच अंडी खातात. अळ्या कोषांना कुरतडतात, कारण कोषाला पळता येत नाही. म्हणून तीन टब करा.

पहिल्या टबात भुंगेरे आणि ताजा कोंडा. दर दोन आठवड्यांनी भुंगेरे मध्यम चाळणीने चाळून दुसऱ्या ताज्या टबात हलवा. खाली राहिलेला कोंडा अंड्यांनी भरलेला असतो. त्यावर तारीख लिहून तो तसाच ठेवून द्या, हाच तुमचा अळ्यांचा टब. तिसरा डबा कोषांचा, त्यात कोंडाही नको, तळाला कागद पुरे. अळ्यांच्या टबात कोष दिसू लागले की ते दर दोन-तीन दिवसांनी उचलून इकडे टाका. हातांना नाजूक वाटत असेल तर प्लॅस्टिकचा चमचा घ्या.

तारीख लिहिण्याचा कंटाळा करू नका. चौथा टब तयार होईपर्यंत कुठला कधीचा हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

पाच कोंबड्यांना रोज पंधरा-पंधरा अळ्या म्हणजे महिन्याला सव्वादोन हजार, वजनाने पाव किलो. त्यासाठी दीड-दोनशे भुंगेरे आणि महिन्याला अर्धा किलोच्या आसपास कोंडा पुरतो.

कोष हलत नाहीत. मेलेत का?

हलक्या हाताने स्पर्श करा. जिवंत कोष शेपटाकडचा भाग वळवळवतो. रंग मलईसारखा असेल तर तो ठीक आहे. तपकिरी-काळा पडून मऊ किंवा खंक झाला तर मेला. एक ते तीन आठवड्यांत त्यातून भुंगेरा निघतो. आधी तो पांढुरका असतो, मग तांबूस आणि काही दिवसांत काळा होतो.

भुंगेरे उडून घरभर होतील का?

पंख आहेत, पण हे भुंगेरे सहसा उडत नाहीत आणि गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढू शकत नाहीत. टबाच्या भिंतीला चरे पडले किंवा चिकटपट्टी लावली तर मात्र तिच्या आधाराने चढतात. स्वयंपाकघरापासून टब लांबच ठेवा. सुटलेला एखादा भुंगेरा पिठाच्या डब्यापाशी सापडला तर घरातली माणसं या प्रयोगाला पुन्हा परवानगी देणार नाहीत.

तापमान किती हवं? वेगळा हीटर लावू का?

माणसाला जिथे बरं वाटतं तिथे अळ्यांनाही बरं वाटतं. १० अंशांच्या खाली त्या जवळपास थिजतात, ३५ च्या वर मरू लागतात. लक्षात ठेवायची गोष्ट ही की दाटीवाटीने भरलेल्या टबात अळ्यांच्या हालचालीनेच उष्णता तयार होते, आणि आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी जास्त असतं. उन्हाळ्यात एका रात्रीत आख्खा टब मेला, अशा तक्रारींमागे बहुधा हेच असतं. उन्हाळा आला की गर्दी कमी करा, एका टबाचे दोन करा. हीटरची गरज बहुतेकांना पडत नाही. थंडीत वाढ मंदावते, मंदावू द्या.

वास येतो का?

निरोगी टबाला कोरड्या कोंड्याचा हलका वास असतो. डिवचलेले भुंगेरे स्वसंरक्षणासाठी उग्र वासाचा द्राव सोडतात, तो जवळ गेल्यावरच जाणवतो. अमोनियासारखा किंवा सडका वास आला तर ओल झालीय किंवा मेलेल्या अळ्या साठल्यात.

टबाच्या कडांवर बारीक धूळ दिसते आणि ती सरकते. हे काय?

माइट. पिठात आणि धान्यात होतात ते. भिंग घेतलं तर फिकट रंगाचे, आठ पायांचे ठिपके दिसतील. भिंग नसेल तर ती धूळ काळ्या कागदावर ढीग करून ठेवा आणि थोड्या वेळाने बघा. साधी धूळ ढिगातच राहते, माइटचा ढीग पसरून सपाट होतो. बोटांत चुरडली तर पुदिन्यासारखा वास येतो.

माइट थेट अळ्यांना मारत नाहीत, पण त्यांचं खाद्य आणि जागा बळकावतात, आणि एकदा बोकाळले की भुंगेऱ्यांच्या अंगावरही चढतात. औषध मारायचा प्रश्नच नाही, कारण जे माइटला मारेल ते अळीलाही मारेल. उपाय एकच: कोरडेपणा. भाजी आठवडाभर बंद करा, झाकण काढून हवा खेळू द्या. मोठ्या अळ्या चाळून काढा आणि फ्रीझर केलेल्या नव्या कोंड्यात, धुऊन उन्हात कडक वाळवलेल्या टबात घाला. जुना कोंडा घरात ठेवू नका. फारच झालं असेल तर मी तरी टब वाचवायच्या भानगडीत पडणार नाही. अळ्या कोंबड्यांना घालायच्या आणि दुसऱ्या टबापासून पुन्हा सुरू करायचं. म्हणूनच सगळे भुंगेरे एकाच टबात ठेवू नयेत.

मुंग्यांचं काय करू?

टब स्टँडवर ठेवा आणि स्टँडचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत. पाली आणि उंदरांसाठी जाळीचं झाकण पुरतं.

टबाच्या तळाशी वाळूसारखी भुकटी साठली आहे. ती काय?

अळ्यांची विष्ठा. कोंडा खाऊन संपत आला की तळाला तीच उरते. बारीक चाळणीने चाळून काढा, फक्त त्या टबात अगदी लहान अळ्या नाहीत याची खात्री करा, नाहीतर त्याही गळून जातील. भुकटी उत्तम खत आहे, कुंडीत मूठभर घालून माती हलवा. चाळताना मोकळ्या हवेत बसा आणि मास्क लावा.

मास्क कशाला?

ही भुकटी आणि टाकलेल्या कातीचे कण नाकात गेल्याने काहींना शिंका, डोळ्यांना खाज, दम लागणं असे त्रास होतात. हळूहळू वर्षभराने सुरू झाल्याचीही उदाहरणं असतात. ज्यांना धुळीतल्या माइटची किंवा कोळंबी-खेकड्याची ऍलर्जी आहे त्यांनी जास्त जपावं, कारण या साऱ्यांत मिळतीजुळती प्रथिनं आहेत. दमा असेल तर चाळायचं काम दुसऱ्याला द्या.

एका कोंबडीला रोज किती अळ्या घालाव्यात?

दहा-पंधरा पुरेत. पिसं झडत असतील तेव्हा दुप्पट केल्या तरी चालतं, कारण पीस जवळजवळ सगळं प्रथिनाचंच असतं आणि त्या काळात कोंबडीची ओढाताण होते. रोजच्या खाण्याच्या दहा टक्क्यांपुढे कुठलाच खाऊ जाऊ नये. वाळवलेल्या अळ्या देत असाल तर जास्त सांभाळा. पाणी उडून गेल्यामुळे त्यांत प्रथिनं ५० टक्क्यांच्या आसपास आणि चरबी २५-३० टक्के असते, मूठभर म्हणता म्हणता फार होतात.

एकाच ठिकाणी वाटी ठेवू नका. दांडगी कोंबडी एकटीच सगळं फस्त करते. लांब लांब विखरा.

अळ्या सुरू केल्यापासून अंड्यांचं कवच पातळ झालं. योगायोग?

बहुधा नाही. मीलवर्ममध्ये कॅल्शियम नगण्य आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट असतो. अळ्यांनी पोट भरलं की कोंबडी लेयर खाद्य कमी खाते, आणि कवचासाठी लागणारं कॅल्शियम त्या खाद्यातच असतं. अळ्या कमी करा आणि शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीचे खडे वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. ज्या कोंबडीला हवं ती हवं तेवढं खाते. अळ्या देण्याच्या आदल्या दिवशी कोंड्यात कॅल्शियमची पूड मिसळून त्यांचं पोट भरण्याची युक्तीही आहे. थोडा फरक पडतो, पण शिंपल्यांची जागा ती घेत नाही.

पिल्लांना घालू का?

पहिले दोन-तीन आठवडे नको, त्यांना त्यांचं स्टार्टर खाद्यच पोटभर खाऊ द्या. नंतर एखाद-दोन लहान, शक्यतो नुकतीच कात टाकलेल्या अळ्या. सोबत बारीक खडी हवी.

जिवंत अळी कोंबडीचं पोट पोखरून बाहेर येते म्हणतात. अळीचं डोकं चिरडून घालायचं का?

गरज नाही. कोंबडीच्या पोट्यात खडे आणि जाड स्नायू मिळून धान्य दळतात, तिथे अळीचा काय निभाव लागणार?

भुंगेरे आणि कोषही कोंबड्यांना देता येतात?

हो. म्हाताऱ्या भुंगेऱ्यांचं दुसरं काय करणार? भुंगेरा दोन-तीन महिने जगतो, शेवटी अंडी कमी होतात, तेव्हा ती खेप खुराड्यात. काही कोंबड्या कडक पाठीमुळे तोंड फिरवतात.

एक पथ्य पाळा: टब खुराड्यात किंवा त्याला लागून ठेवू नका. काही भुंगेरे कोंबड्यांच्या विष्ठेतली पट्टकृमींची अंडी खातात आणि तो भुंगेरा खाणाऱ्या कोंबडीला जंत होतात. घरात स्वच्छ कोंड्यावर वाढवलेल्या किड्यांत हा धोका नसतो, तो उगाच तयार करू नका. टबात मांसाचे तुकडे किंवा खरकटंही टाकू नका.

अळ्या थर्माकोल खातात ना? मग घरातलं थर्माकोल टाकू?

खातात, हे खरं आहे. २०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि चिनी संशोधकांच्या कामात १०० अळ्या दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम थर्माकोल संपवत असल्याचं दिसलं. हा आकडा नीट वाचा: शंभर अळ्या, आणि ग्रॅमचा पंचविसावा भागसुद्धा नाही. त्यावर अळीची वाढ होत नाही आणि थर्माकोलमध्ये आग रोखणारी रसायनं असू शकतात. ज्या अळीचं पुढे अंडं होऊन तुमच्या ताटात येणार, तिला हे खाऊ घालायचं कारणच काय?

सुपरवर्म मोठे असतात, तेच पाळले तर?

ती वेगळी जात आहे. सुपरवर्म गर्दीत असेपर्यंत कोषातच जात नाहीत. पिढी वाढवायला प्रत्येक अळी सुट्या डबीत ठेवावी लागते. कोंबड्यांसाठी एवढी कसरत नको.

जास्त अळ्या तयार झाल्या तर साठवायच्या कशा?

मोठ्या अळ्या थोड्या कोंड्यासह हवेशीर डब्यात घालून फ्रिजमध्ये, ५ ते ८ अंशांवर. त्या सुस्तावतात आणि काही आठवडे तशाच राहतात. आठवड्यातून एक दिवस बाहेर काढून गाजर द्या, पुन्हा आत. भुंगेरे फ्रिजमध्ये ठेवू नका. वाळवायच्या असतील तर आधी फ्रीझरमध्ये गोठवा, मग दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात घाला आणि मंद ओव्हनमध्ये कडकडीत होईपर्यंत ठेवा. बोटांत मोडताना चुरचुर आवाज यायला हवा. आतून लवचीक राहिली तर बरणीत बुरशी धरणार.

काळ्या पडून लिबलिबीत झालेल्या अळ्या कोंबड्यांना देऊ नका, वाळवूही नका.

आठवडाभर बाहेर जाणार आहे. शेजाऱ्यांना सांगावं लागेल का?

कोंबड्यांसाठी लागेल, अळ्यांसाठी नाही. निघताना गाजराचा एक काप ठेवायचा मोह टाळा. पुरेसा कोंडा घाला, भाजी अजिबात ठेवू नका, झाकण लावा आणि जा. परत आल्यावर गाजर.